कोंबडा वगळून

"तिथं थांब," दीदी म्हणाल्या. "‘माझी आई’ म्हटलंस की थांब. खाली बघ. मनातल्या मनात पाच म्हण. मग पाणी पी."

मी थांबले. खाली बघितलं. पाच म्हटले. पाणी प्यायले.

"रडू येत नाही का तुला?"

"येतं ना दीदी. पण आत्ताच जेवलेय."

खोलीतली दोघं-तिघं हसली. दीदी नाही हसल्या. त्यांनी कागदावर पेन्सिलीनं एक रेघ मारली आणि म्हणाल्या, "आणि ते कोंबड्याचं काढून टाक. लोक हसतात. एकदा हसले की मग तुझं दुःख त्यांच्यापर्यंत पोचत नाही."

रायपूरच्या चौबे कॉलोनीतला बंगला. वर दीदींचं घर, खाली आमचं ऑफिस. आमची संस्था लोकांना मानवी हक्क शिकवायची. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये लिहिलेलं होतं की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत आणि त्यांची प्रतिष्ठा समान आहे. त्या फ्रेमखाली मी खुर्चीवर बसून दुःखाची तालीम करत होते. तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

आमच्या कार्यशाळांची एक ठरलेली पद्धत होती. वक्त्यांच्या गळ्यात पांढरं कार्ड. शिकायला आलेल्यांच्या गळ्यात पिवळं. माझ्या गळ्यात काही नाही. छापलेल्या पत्रिकेवर माझं नाव नसायचं. तिथं लिहिलेलं असायचं: "एक अनुभव, ११.३० ते ११.४५." आणि त्याच्या खालच्या ओळीत: "चहा."

मी कायम चहाच्या आधीची. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असायचं. माझं ऐकून लोकांचे डोळे भरायचे, आणि लगेच उठून पाय मोकळे करता यायचे. मग चहाचा कप हातात घेऊन कोणीतरी बाई माझ्यापाशी यायची, डोक्यावरून हात फिरवायची, आणि दुसऱ्या हातानं बिस्किट उचलायची.

आता एक गोष्ट आधीच कबूल करते. मी हे काम चांगलं करायचे. फार चांगलं. मला लहानपणापासून नकला येतात. बाजारातला तेलवाला, शाळेतले गुरुजी, कोल्हा, होला, बंद पडत चाललेली जीप. सभागृहात कुठं खोकला थांबतो, कुठं पदर डोळ्याला जातो, हे मला स्टेजवरून कळायचं, आणि त्याची मला मजाही वाटायची. हेही लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं लिहून हेच झाकलं तर मीही पेन्सिलीनं रेघ मारल्यासारखं होईल.

दुसरी कबुली. मी भित्री आहे. गप्पांमध्ये मी फार बोलते, हातवारे करते, म्हणून लोकांना वाटतं बाई धीट आहे. तसं नाही. दारावर कोणी जोरात थाप मारली की माझी जीभ टाळूला चिकटते. अजून. आज मी रायपुरात एका संस्थेची प्रमुख आहे, तरी खाली जीप थांबल्याचा आवाज आला की खिडकीपासून दोन पावलं मागं सरकते.

तर कोंबडा.

आमचं गाव इथून दूर दक्षिणेला, नदीपलीकडच्या जंगलात. नाव सांगणार नाही. बाबा गडचिरोलीकडचे. आठवड्याच्या बाजारात शिलाईचं मशीन घेऊन बसता बसता तिथंच राहिले. म्हणून घरात मराठी, अंगणाबाहेर गोंडी, शाळेत हिंदी. गावाच्या दोन्ही बाजूंना बंदुका होत्या. एका बाजूला भाकरी दिली की दुसरी बाजू मारायची. आणि भाकरी मागायला येणारा कोणत्या बाजूचा, हे त्याला विचारायची सोय नव्हती.

एका दुपारी गावातली घरं पेटली. आम्ही चौघं पळालो. बाबांनी मशीनचं डोकं खांद्यावर घेतलं. दादानं तांदळाचं गाठोडं. मायनं पिशवीत कोंबडा घातला. मी माझी चप्पल घेतली, एकच. दुसरी सापडेना, आणि एक घेऊन काय करणार हे त्या वेळी सुचलं नाही.

सागाच्या जंगलात एका मोठ्या वारुळामागं आम्ही पडून राहिलो. पायवाटेनं बंदूकवाले येत होते. सात-आठ. कोणाचे, माहीत नाही. त्यांच्या बुटांखाली वाळकी पानं वाजत होती. मी घाबरून कपड्यांत मुतले होते आणि बाबांना त्याचा वास येईल याची मला लाज वाटत होती. मरणाच्या वेळेला माणसाला काय काय वाटतं.

आणि पिशवीतला कोंबडा आरवला.

पायवाटेवरचा एक जण थांबला. बाकीचे थांबले. त्या क्षणी माझ्या डोक्यात एक फार हुशार विचार आला. घरचा कोंबडा आहे म्हणजे माणसं आहेत. रानातला असेल तर? रानकोंबड्याची बांग शेवटाला तुटते, घरच्यासारखी लांबत नाही. मला ती येत होती. मी तोंडाला हात लावून रानकोंबड्याची बांग दिली. अगदी हुबेहूब. आयुष्यातली सगळ्यात चांगली नक्कल.

त्यांना पटली. फक्त एक गोष्ट मी विसरले होते. रानकोंबडा ऐकू आला की आमच्याकडचा माणूस वाट सोडतो आणि त्याच्या मागं लागतो. ते सगळेच्या सगळे वाकून, दबक्या पावलांनी, सरळ आमच्या वारुळाकडं यायला लागले.

मायनं माझ्याकडं एकदा बघितलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग तिनं पिशवीचं तोंड सोडलं आणि कोंबड्याला दुसऱ्या बाजूनं, मागच्या झुडपांत, जोरात ढकललं. तो फडफडत पळाला. ते ओरडत त्याच्यामागं धावले. एक जण मुळाला अडखळून तोंडावर पडला, बाकीचे त्याला हसले. जंगलात हसण्याचा आवाज. आमच्यापासून पंधरा पावलांवर. मग त्यांनी कोंबडा धरला आणि हसत हसत निघून गेले.

माय पुटपुटली, "गेला माह्या कोंबडा." संध्याकाळी ती त्या कोंबड्यासाठी रडली. घरासाठी ती नंतर रडली, गाव सोडून पळालेल्यांच्या कॅम्पात पोचल्यावर.

दीदींनी कोंबडा काढला, तेव्हा त्या जागी एक वाक्य घातलं: "सुदैवानं ते लोक निघून गेले."

सुदैवानं. म्हणजे मायनं काही केलंच नाही. मी केलेली चूकही नाही. आम्ही नुसते पडून होतो आणि सुदैव आलं.

कॅम्पात दुसऱ्या वर्षी तापानं बाबा गेले. दादा मशीन घेऊन गावाकडं परतला, म्हणाला इथं कुजण्यापेक्षा तिथं शिवीन. माय आणि मी राहिलो. दीदी कॅम्पात एक शिबिर घ्यायला आल्या होत्या. मी बारावी झालेली, मराठी-हिंदी बोलणारी, वर नकला करणारी. त्या आम्हाला रायपूरला घेऊन आल्या. भनपुरीत ट्रकच्या अड्ड्यामागं एक खोली मिळवून दिली. त्यांचे उपकार होते, आहेत. म्हणूनच इतकी वर्षं "हो दीदी" म्हणत राहिले.

कार्यक्रमावरून मी घरी आले की माय पहिला प्रश्न तोच विचारायची.

"कोंबडा सांगतला का?"

"सांगतला माय."

"मंग? हासले का लोकं?"

"लई हासले."

"हासनच ना. तो बी का कमी होता का? माह्या हातचे दाणे खाऊन माजला होता." आणि ती खूश होऊन पोळ्या टाकायला लागायची. पाच वर्षं मी तिच्याशी हे खोटं बोलले.

दीदींकडं माझी एकच अट होती. गावाचं नाव कुठं घ्यायचं नाही. दादा तिथं आहे. आमच्या बाजारातल्या एका मास्तरांनी शहरात जाऊन कुठंतरी तोंड उघडलं होतं. ते परत आले, आणि पंधरा दिवसांनी दिसेनासे झाले. कोणत्या बाजूनं नेलं, हे आजही कोणी बोलत नाही. त्यांची सायकल मात्र नदीच्या घाटावर नीट उभी होती, कुलूप लावलेली.

दीदी म्हणाल्या होत्या, "तुझ्या गावाचं नाव माझ्या तोंडून कधी निघणार नाही." आणि ते खरं ठरलं. त्यांच्या तोंडून नाही निघालं.

दिल्लीहून आणि बाहेरच्या देशातून पाहुणे येणार होते. मोठं सभागृह, थंडगार हवा, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. साडेअकराला मी स्टेजवर चढले. माईक धरला. सवयीनं पहिल्या रांगेकडं बघितलं, तर कोणी माझ्याकडं बघतच नव्हतं. सगळे माझ्या मागं बघत होते. मी वळले.

मागच्या पडद्यावर आमचा फोटो. बाजाराच्या दिवशी काढलेला, मशीनसमोर बसलेले बाबा, बाजूला माय, दादा, मी. दादाच्या गाठोड्यातून आमच्याबरोबर आलेला एकुलता एक. नोकरी लागली तेव्हा कागदपत्रांसोबत मी तो ऑफिसच्या फाइलला दिला होता. फोटोखाली नकाशा. नकाशावर लाल टिंब. टिंबापुढं आमच्या गावाचं नाव. पाहुण्यांच्या मांडीवर नवीन पुस्तिका होत्या, आणि त्यांच्या पानावरही तेच.

जीभ टाळूला. मला ती सायकल दिसली. कुलूप लावलेली.

"दीदी," मी म्हणाले, "हे काढा."

दीदी बाजूच्या माईकवर होत्या. हसून पाहुण्यांना हिंदीत म्हणाल्या, "थोड़ी भावुक हो गई है."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मी भावुक नाही झाले. मला भीती वाटून राहिली. हे नाव काढा."

पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेतली एक बाई उठली आणि तिनं पाण्याचा ग्लास माझ्यापुढं धरला. हे सगळं आमच्या तालमीतल्यासारखंच चाललं होतं. थांबणं, खाली बघणं, पाणी. मी खरी घाबरले होते आणि ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम ठरत होतं. त्या वेळी मला कळलं की या स्टेजवरून मी काहीही ओरडले तरी ते ‘एक अनुभव’ म्हणूनच ऐकलं जाणार. वाचवा म्हटलं तरी टाळ्या पडतील.

मी ग्लास घेतला नाही. खाली उतरले. प्रोजेक्टरच्या टेबलापाशी तिवारी भैया बसले होते, ऑफिसातले तेच ती कामं बघायचे. मी त्यांच्या पायाजवळ वाकले आणि वायर उपसली. पडदा पांढरा झाला.

मग परत वर गेले, कारण माईक हातातच राहिला होता. तो अजून चालू होता. म्हणून म्हणाले, "आज चहा लवकर आहे."

कोणी हसलं नाही.

मागच्या खोलीत दीदी आल्या. रागानं त्यांची मान लाल झाली होती. त्यांनी दार लावलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते. "कॅम्पातून तुला मी उचलून आणली. ही गोष्ट सोडली तर तुझ्याकडं आहे काय?"

मी भिंतीला टेकले. पण तोंडातून निघून गेलं, "कोंबडा आहे दीदी. तुम्ही काढलेला."

"कोणता कोंबडा?" त्यांनी विचारलं. त्यांना आठवतही नव्हतं.

नोकरी तिथंच संपली. दादाला फोन लावत बसले. गावात टॉवर नाही, टेकडीवर गेलं तरच लागतो. एक दिवस. दोन. तिसऱ्या दिवशी मायला खरं सांगावं लागलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे कोंबडा बी नव्हता सांगतला?" मी मान हलवली. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी तिवारी भैया ऑटोतून आले. सोबत पुस्तिकांचे गठ्ठे. "ऑफिस में जितनी बची थी, सब ले आया. मैंने कुछ नहीं देखा, बहनजी." चहासुद्धा न घेता गेले. माय आणि मी एकेक पुस्तिका उघडून ते पान फाडत बसलो. मायला वाचता येत नाही, पण बाबांचा फोटो ओळखता येत होता. प्रत्येक पानावर ती बोट ठेवायची आणि मग फाडायची.

सहाव्या दिवशी दादाचा फोन आला. "काहून गं, इतके मिस कॉल? मेलं का कोणी?" "मेलं नाही," म्हणाले. "तू जेवला का?"

पण काही पुस्तिका पाहुण्यांबरोबर गेल्या होत्या. किती, कुठं, कुणाच्या कपाटात आहेत, मला माहीत नाही. दादाला अजून काही झालेलं नाही. अजून.

त्यानंतर मी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटल्या. तिथल्या बायका दुपारी टेकायच्या, तेव्हा मी ठाणेदाराची नक्कल करायचे. "काय गं ए, रिपोर्ट कशाला पाहिजे? घरचा मामला आहे, घरी मिटव." बायका हसायच्या. मग एक म्हणाली, "असंच म्हनला होता मले. मंग काय म्हनाव त्याले?" काय म्हणावं, ते मला दीदींच्याच ऑफिसात शिकून माहीत होतं. लेखी घ्या, पोच घ्या, नाही म्हटलं तर वरच्या साहेबाचं नाव घ्या. दुसऱ्या दिवशी ती ठाणेदाराशी भांडली, म्हणजे माझ्याशी. तिसऱ्या दिवशी दहा जणी भांडायला आल्या. मी बाबू झाले, सरपंच झाले, रेशनवाला झाले, शाळेचा हेडमास्तर झाले. कोणाला मी विचारलं नाही की तुझ्यावर काय गुजरलं. ज्यांना सांगायचं त्या सांगायच्या, पोळी भाजता भाजता, एकमेकींना. आमची संस्था तिथं सुरू झाली. आता ब्राह्मणपाऱ्यात पत्रावळीच्या दुकानावर आमची खोली आहे, दहा-बारा जण काम करतात, शाळांमध्ये आणि वस्त्यांमध्ये वर्ग चालतात.

आणि आता मला सगळे दीदी म्हणतात. इथं कोणालाही म्हणतात. मला वाटायचं, त्यानं काय होतं?

गेल्या महिन्यात फोन आला. आम्हाला मदत देणारे लोक भेटीला येणार. सोबत एक छोटी विनंती. वस्तीतल्या कोणीतरी दहा मिनिटं आपला अनुभव सांगावा. चहाच्या आधी.

आमच्याकडं फुलेश्वरी आहे. तिची वस्ती हटवली, तेव्हापासून आमच्या वर्गात येते आणि आता स्वतः वर्ग घेते. ती आपणहून म्हणाली, "मैं बोल दूँगी न दीदी." मी तिला समोर बसवलं. म्हटलं सांगून बघ.

तिनं सांगायला सुरुवात केली. घरं पाडायचं मशीन आलं, लोक ओरडले, तिची दोन्ही पोरं शाळेत होती. ती घरात धावली. एकच वस्तू बाहेर काढता आली. बाहेर येऊन मूठ उघडून बघितलं, तर हातात टीव्हीचा रिमोट.

"टीवी तो दब गया, दीदी. रिमोट बच गया. अभी भी रखी हूँ." ती हसायला लागली. पदर तोंडात घालून हसत होती.

आणि मी म्हणाले, "ते रिमोटचं राहू दे. आणि ‘मेरे बच्चे’ म्हटलंस की जरा थांब."

"हव दीदी," ती म्हणाली. तिचं हसू गेलं. तिनं मान खाली घातली.

खोलीत पंखा फिरत होता. खाली दुकानात पत्रावळींचे गठ्ठे आपटत होते. वारुळामागं पडले होते तेव्हा मला ठाऊक होतं की भीती कुठून येतेय. बुटांचा आवाज होता, पायवाट होती. या वेळी ती माझ्याच तोंडातून बाहेर आली होती, दीदींच्या आवाजात, अगदी हुबेहूब. नकला मला येतातच. ही मी कधी बसवली, मला कळलंही नाही.

मी फुलेश्वरीला म्हणाले, "मी चुकले. रिमोट तुझा आहे. तुला सांगायचं असेल तर आपल्या वर्गात सांग, तुझ्या मर्जीनं, हसत सांग. त्यांच्यासमोर तू बसणार नाहीस. कोणीच बसणार नाही."

"पर वो लोग नाराज हो गए तो?"

"होतील."

मी त्यांना कळवलं आहे. या, वर्गात बसा, मी ठाणेदार होईन, तुम्ही रिपोर्ट लिहवून दाखवा. अनुभव दाखवायला माणूस मिळणार नाही. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित मदत थांबेल, खोली सोडावी लागेल, पुन्हा कुठल्या तरी कँटीनमध्ये बसावं लागेल. विचार केला की भीती वाटते. वाटू दे. ती माझी जुनीच आहे.

काल मायला कोंबड्याची गोष्ट मी लिहून काढल्याचं सांगितलं. ती आता फार थकली आहे, ऐकूही कमी येतं.

"गावाचं नाव टाकलं का?"

"नाही माय."

"अन् कोंबडा?"

"पुरा टाकला."

"हं," ती म्हणाली, आणि कूस बदलली.

उत्तराची वाट न बघता भेटीची पत्रिका छापायला टाकलीय. मी ती स्वतः लिहिली. साडेअकरा वाजता चहा. त्याच्या वरच्या ओळीत वर्ग आहे. माणूस नाही, आणि मी इथं आहे तोवर नसेल.